नाण्याची साक्ष



या वसंतातल्या व्याख्यानमालेत पेशवाईवर बोलणारे आहेत, संतवाङ्मयावर बोलणारे आहेत, आणि आम्ही मात्र गोल्फच्या चेंडूमागे ठेवलेल्या एका नाण्यावर बोलायला उभे राहिलो आहोत. विषय ऐकून मंडळी हसली असतील. आमची तक्रार नाही. चार पैशांचे नाणे, मुठीत मावणारा चेंडू आणि हिरवळीचा एक तुकडा, यांत कसला आला आहे इतिहास? पण ज्यांच्या घरी अजून शेती आहे त्यांनी क्षणभर बांधाची आठवण करावी. शेजारी दरसाल नांगराचे एक तास पलीकडून घालतो, बांध वितीने सरकतो, आणि त्या वितीपायी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. वीतभर जमिनीचे मोल फार नसते. ती कोणी, कोणाच्या नकळत सरकवली, यावरून डोकी फुटतात. गोल्फच्या हिरवळीवर नाणे ठेवून चेंडू उचलणे हा असाच बांधाचा प्रश्न आहे, आणि तोही अडीचशे-पावणेतीनशे वर्षे चालत आलेला आहे.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पुण्यात येरवड्याला, मुंबईत चेंबूरला बसमधून जाताना कुंपणापलीकडे त्याची हिरवी मैदाने दिसतात. मैदानात अठरा ठिकाणी जमिनीत एकेक खळगी असते, तिला होल म्हणतात. तिचा व्यास सव्वाचार इंच, आणि हे माप १८९१ सालापासून ठरून गेले आहे. दूरवरून चेंडू काठीने मारीत मारीत आणायचा आणि खळगीत घालायचा. ज्याला फटके कमी लागले तो जिंकला. खळगीभोवतीचे गवत गालिच्यासारखे बारीक कापलेले असते, त्याला ग्रीन म्हणतात. आपण हिरवळ म्हणू. या हिरवळीवर चेंडू उडवायचा नसतो, पटर नावाच्या काठीने हलकेच घरंगळत न्यायचा असतो. तिथे एखादे बोट इकडेतिकडे झाले, मध्ये गवताचा उंचवटा आला किंवा चेंडूला चिखलाचा ठिपका चिकटला, तरी फटका चुकतो. आपण लहानपणी गोट्या खेळताना खळगीच्या काठाशी जी जिवाची घालमेल होई तीच ही, मात्र इथे मोठ्या माणसांची आणि पुष्कळदा मोठ्या रकमेची.

खेळाचा मूळ धर्म असा की चेंडू जिथे पडला तिथूनच मारायचा. खळगीत जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग हिरवळीवर हात कसा लागू लागला? ही सवलत मिळायला दोनशे वर्षे लागली, आणि ती मिळताच तिच्यामागून संशयही आला.

आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम १७४४ सालचे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोचे बंदर असलेल्या लीथ गावी काही सद्गृहस्थ हा खेळ खेळत. एडिंबरो नगरपालिकेने चांदीची एक काठी बक्षीस लावली, तेव्हा भांडणे नकोत म्हणून त्यांनी तेरा कलमे कागदावर उतरवली. २ एप्रिल १७४४ रोजी ती स्पर्धा झाली आणि जॉन रॅट्रे नावाचा शस्त्रवैद्य जिंकला. या रॅट्रेची हकीकत जाता जाता सांगण्यासारखी आहे. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडात राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टचे बंड झाले, आणि आमचे वैद्यबुवा त्या बंडखोर सैन्यात शस्त्रवैद्य म्हणून सामील झाले. १७४६ साली कलोडनच्या लढाईत बंड मोडले, रॅट्रे पकडला गेला. त्याला सोडवण्यासाठी ज्याने शब्द खर्ची घातला तो डंकन फोर्ब्ज सरकारपक्षाचा वरिष्ठ न्यायाधीश, पण लीथच्या मैदानावरचा रॅट्रेचा सोबती! मैदानातली ओळख अशीही उपयोगी पडते.

त्या तेरा कलमांत आपल्या विषयाची दोन आहेत. एक असे की दोन चेंडू एकमेकांना टेकून पडले असतील तर पुढचा चेंडू उचलावा आणि मागचा खेळून होईपर्यंत बाजूला ठेवावा. दुसरे असे की खळगीत चेंडू घालताना सरळ खळगीकडेच मारावे. आपल्या वाटेत नसलेला प्रतिपक्षाचा चेंडू मुद्दाम ठोकरू नये. पहिल्या कलमात उचलण्याची परवानगी आहे, पण उचललेला चेंडू पुन्हा नेमका कुठे ठेवायचा, त्या जागेची खूण कशाने करायची, याबद्दल अक्षरही नाही. कारण उघड आहे. खेळणारे दहा-वीस, सगळे एकमेकांना ओळखणारे. संध्याकाळी एकाच टेबलाशी बसायचे. तिथे खुणेचे कलम घालणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून वाट्या मोजून ठेवण्यासारखे झाले असते.

खेळ पुढे वाढला आणि वाढता वाढता आपल्याकडेही आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला. मुंबईचा १८४२ सालचा. मुंबईच्या मंडळींनी १८४५ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला एक रौप्यपदक भेट दिले. हा क्लब म्हणजे या खेळाची काशी. तिथल्या वसंत संमेलनात 'बॉम्बे मेडल' या नावाने ते पदक खेळले जाते. वसंतातल्या व्याख्यानात हे सांगताना आम्हांला थोडी मौज वाटते. मात्र हेही सांगितले पाहिजे की ही भेट देणारे मुंबईचे म्हणजे मुंबईत राहणारे साहेबलोक. आपली माणसे त्या काळी मैदानात असली तर काठ्यांचा भारा खांद्यावर घेऊन.

आता 'स्टायमी' या विचित्र प्रकाराकडे येऊ. इंग्रजी वर्तमानपत्रांत एखाद्याची वाट अडवणे या अर्थाने हा शब्द आजही दिसतो; त्याचा हा अर्थ हिरवळीवरूनच गेलेला आहे. दोघांच्या सामन्यात ज्याचा चेंडू खळगीपासून लांब त्याने आधी खेळायचे. समजा, त्याचा चेंडू दहा फुटांवर आहे आणि प्रतिस्पर्ध्याचा पाच फुटांवर, नेमका त्याच रेषेत. वाट बंद. नियम म्हणे, दोन चेंडूंत सहा इंचांपेक्षा कमी अंतर असेल तरच पुढचा उचलता येईल, एरवी नाही. मग बिचाऱ्याने करायचे काय? एकतर वळसा देऊन मारायचे, नाहीतर पटर ठेवून द्यायचा, चेंडू उडवणारी काठी घ्यायची आणि पुढच्या चेंडूवरून उडी मारून खळगीत टाकायचा. त्या गालिच्यासारख्या हिरवळीवर! पुष्कळ ठिकाणी गुणपत्रकाच्या कडेवर सहा इंचांचे माप छापलेले असे. दोन चेंडूंमध्ये पत्रक धरायचे आणि न्याय करायचा. हा सारा प्रकार दोघांच्या सामन्यातला. एकूण फटके मोजण्याच्या स्पर्धेत मात्र जवळचा चेंडू बाजूला करण्याची सोय होती.

स्टायमीवरून जितके वाद झाले तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून झाले असतील. ज्याच्यावर ती पडे तो म्हणे, माझा काय अपराध? समोरच्याचा फटका चुकला, चेंडू अर्ध्या वाटेत थांबला, आणि त्याच्या चुकीची शिक्षा मला! स्टायमीचे कैवारी म्हणत, संकटातून वाट काढणे हाच तर खेळ. १९३० साली सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत अमेरिकेचा बॉबी जोन्स आणि इंग्लंडचा सिरिल टॉली यांची गाठ पडली. अठरा होल संपले, बरोबरी. एकोणिसाव्यावर जोन्सचा चेंडू असा थांबला की टॉलीची वाट अडली, आणि सामना तिथेच संपला. जोन्सने ती स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या खुल्या आणि हौशी मिळून चारही स्पर्धा जिंकल्या. तसे एका वर्षात दुसऱ्या कुणालाही साधलेले नाही. त्या अडलेल्या वाटेने गोल्फच्या इतिहासाला केवढे वळण दिले पाहा. जोन्स पुढे निवृत्तीनंतरही स्टायमीच्या बाजूनेच बोलत राहिला. त्याच्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण ज्याच्या पारड्यात दान पडले त्याला फाशांची पद्धत आवडली तर नवल नाही. टॉलीला विचारायला हवे होते.

अमेरिकेत या नियमाची धार आधी बोथट झाली. खळगीपासून सहा इंचांच्या आतला चेंडू वाटेत येत असेल तर उचलता येईल, अशी मुभा तिथे १९३८ पासून अजमावली गेली. मग १९५१ साली सेंट अँड्र्यूजचे पुढारी आणि अमेरिकेची गोल्फ संघटना यांच्या बैठका झाल्या, दोघांनी मिळून एकच नियमावली केली आणि १९५२ पासून स्टायमी इतिहासजमा झाली. वाटेतला चेंडू आता उचलता येऊ लागला. १९६० पासून तर कोणाच्या वाटेत नसला तरी हिरवळीवरचा चेंडू उचलून पुसण्याचीही मोकळीक मिळाली. पुढे आठ वर्षांनी फटक्यांच्या स्पर्धेत वेळ वाचवण्यासाठी एकदा हिरवळीवर खेळायला लागलेल्याने खळगीत जाईपर्यंत सलग खेळावे, असा नियम करून पाहिला. तो १९७० मध्ये मागे घेतला. लोकांना चेंडू उचलण्याची चटक लागली होती, ती कुठली सुटायला!

आणि चेंडू उचलायचा म्हणजे खूण आली. खूण करण्याची पद्धत दिसायला सोपी. चेंडूच्या लगेच मागे एक छोटे नाणे सपाट ठेवायचे, मग चेंडू उचलायचा. आपली पाळी आली की चेंडू नाण्यापुढे होता तस्साच ठेवायचा, मग नाणे उचलायचे, मग फटका. हा क्रम मोडता कामा नये. आधी चेंडू उचलला आणि मग नाणे ठेवले, तर एका फटक्याचा दंड. आपले नाणे दुसऱ्याच्या वाटेत येत असेल तर ते पटरच्या पात्याच्या मापाने बाजूला सरकवतात: एक पाते किंवा दोन पाती, एखाद्या दूरच्या झाडाच्या रोखाने. परत येताना तितकेच माप उलट मोजायचे. विसरला तर चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल दोन फटके. याशिवाय शिष्टाचाराच्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या चेंडूपासून खळगीपर्यंतच्या रेषेवर पाऊल टाकू नये, कारण बुटाचा ठसा चेंडूला वळवतो. आपली सावली त्याच्या रेषेवर पडू देऊ नये. तो मारत असताना हलू नये, बोलू नये, खिशात नाणी वाजवू नयेत. या गोष्टी लेखी दंडापेक्षा भुवईच्या दंडाने पाळल्या जातात. आपल्याकडे पंगतीत शेजाऱ्याचे जेवण होण्याआधी उठू नये हे कुठल्या कायद्यात लिहिले आहे?

अमेरिकेचा नामवंत खेळाडू जॅक निक्लस खिशात तीन नाणी ठेवीत असे. एक आपल्यासाठी, एक हरवले तर, आणि एक प्रतिस्पर्ध्याकडे नसले तर त्याला द्यायला. हे तिसरे नाणे आम्हांला फार आवडले.

पण नाणे आले तशी त्याच्याबरोबर एक गोची आली. चेंडू मैदानात पडून असतो तोवर त्याच्या जागेला सारे साक्षी असतात. एकदा तो उचलला की ती जागा फक्त नाण्याला ठाऊक, आणि नाणे ठेवणाऱ्याला. नाणे चेंडूच्या मागे अर्धे बोट दूर ठेवायचे की अगदी खाली सरकवायचे; परत ठेवताना चेंडू नाण्याला भिडवायचा की जरा पुढे टेकवायचा; असे दरवेळी अर्धे अर्धे बोट केले तर अठरा होलांत किती होते? त्यातून पाच-सहा इंचांची मजल फार मोठी नव्हे. बांध कोरण्याची कला ती हीच. १९८५ साली इंग्लंडमध्ये डील येथे खुल्या स्पर्धेच्या पात्रता-फेरीत एका स्कॉटिश धंदेवाईक खेळाडूला सोबत्यांनी पकडले. तो लगबगीने सर्वांच्या आधी हिरवळीवर पोहोचे, चेंडू उचलल्याचा आविर्भाव करी आणि खूण खळगीजवळ सरकवी. त्याला २० वर्षे बंदी आणि २०,००० पौंड दंड झाला. लुच्चा होता, शिक्षा झाली, प्रकरण मिटले. खरे अवघड प्रश्न लुच्च्यांच्या बाबतीत येतच नाहीत. ते आले तीन निराळ्या माणसांच्या बाबतीत, आणि आजच्या व्याख्यानाचा जीव त्या तिघांतच आहे.

पहिला बॉबी लॉक, दक्षिण आफ्रिकेचा. अंगाने भरलेला, चालीने संथ, आणि हिरवळीवर त्याचा हात धरणारा कोणी नाही असा लौकिक. १९५७ साली सेंट अँड्र्यूजला ब्रिटनची खुली स्पर्धा होती.  शेवटच्या होलवर लॉकचा चेंडू खळगीच्या अगदी जवळ पडला होता आणि त्याची आघाडी तीन फटक्यांची. सोबत खेळणाऱ्या ब्रूस क्रॅम्प्टनच्या वाटेत त्याचे नाणे येत होते, म्हणून त्याने रीतीप्रमाणे ते एक पाते बाजूला सरकवले. पाळी आली. समोर हजारोंचा समुदाय, चौथ्या विजेतेपदाचा क्षण. सरकवलेल्या जागीच त्याने चेंडू ठेवला, खळगीत घातला, टोपी उंचावली. नाणे परत मूळ जागी न्यायचे राहून गेले. त्याला कळले नाही, क्रॅम्प्टनला कळले नाही, पंचांना नाही, समुदायालाही नाही. चषक दिला गेला. काही दिवसांनी वार्तापटाची फिल्म पाहताना कुणाच्या तरी लक्षात आले.

कडक नियमाने पाहता लॉक बाद ठरला असता. चुकीच्या जागेवरून खेळला आणि दंड न मिळवता गुणपत्रकावर सही केली. स्पर्धा-समितीने विचार केला: आघाडी तीन फटक्यांची होती, चेंडू खळगीजवळ होता, सरकवण्याने त्याला काडीचाही लाभ झाला नाही. खेळाच्या भावनेला धरून निकाल कायम ठेवणेच योग्य. तसे त्यांनी लॉकला कळवले आणि चषक त्याच्याकडेच राहिला. तेव्हाही काही जण कुरकुरले, आजही कुरकुरतात. आमच्या मते समितीने न्याय केला. मात्र एक गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नसावी. आजवर नाण्याची साक्ष माणसाच्या डोळ्याने व्हायची, आता ती यंत्राच्या डोळ्याने झाली होती. समितीने साक्ष ऐकली आणि क्षमा केली. पण साक्षीदार दारात उभा राहिला तो कायमचाच.

दुसरी व्यक्ती जेन ब्लॅलॉक, अमेरिकेची. १९७२ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील रँचो मिराज येथे मिशन हिल्सच्या मैदानावर स्त्रियांची एक नवी, मोठ्या बक्षिसांची स्पर्धा सुरू झाली आणि ती पहिल्याच वर्षी हिने जिंकली. महिनाभराने केंटकीतील लुईव्हिल येथे स्पर्धा चालू असताना तिच्यावर आरोप आला, की ती हिरवळीवर खूण केल्यानंतर चेंडू मूळ जागी ठेवीत नाही, पुढे सरकवते. स्त्री-खेळाडूंच्या संघटनेने तिला स्पर्धेतून काढले, दंड केला, आणि लगेच वर्षभरासाठी बंदी घातली. तिने आरोप साफ नाकारला आणि अटलांटाच्या संघीय न्यायालयात दावा लावला.

तिथे जो प्रश्न निघाला तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. बंदी घालणारे कार्यकारी मंडळ पाच जणींचे, आणि त्या पाचही जणी तिच्याविरुद्ध त्याच बक्षिसांसाठी खेळणाऱ्या. ती गेली की तिच्या वाट्याचे पैसे इतरांत वाटले जाणार. न्यायालयाने १९७३ साली निर्णय दिला की प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन प्रतिस्पर्ध्याला बाजारातून घालवणे हे व्यापारातील मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याचा भंग करणारे आहे, बंदी बेकायदा. पण श्रोतेहो, तिने चेंडू सरकवला होता की नाही? त्यावर न्यायालयाने निकाल दिलाच नाही. द्यावा लागला नाही. दावा बंदीचा होता, नाण्याचा नव्हता. तिच्या सोबतच्या अनेकींची खात्री होती की तिने लबाडी केली. तिची खात्री होती की केली नाही. आणि जिथे हे घडले वा घडले नाही त्या जागी गवताशिवाय काही नव्हते. ब्लॅलॉक त्यानंतरही वर्षानुवर्षे खेळली, जिंकली. १९६९ ते १९८० पर्यंत सलग २९९ स्पर्धांत ती अंतिम फेऱ्यांसाठी पात्र ठरली. हा विक्रम फार मोठा आहे. तरी तिचे नाव निघाले की लोक आधी त्या खुणेची गोष्ट काढतात. निकाल न लागलेला आरोप शिक्षेपेक्षा जड असतो तो असा. संघटनेने मात्र धडा घेतला. खेळाडूंचे भांडण खेळाडूंनीच मिटवण्याऐवजी १९७५ साली बाहेरचा आयुक्त नेमला.

तिसरी हकीकत अगदी अलीकडची, आणि योगायोग असा की त्याच रँचो मिराजची, ब्लॅलॉकने जिंकलेल्या त्याच स्पर्धेची. मधल्या काळात तिचे नाव बदलले होते, मान वाढला होता. २०१७ साली अमेरिकेची लेक्सी थॉम्सन तिथे आघाडीवर होती. शनिवारी सतराव्या होलवर तिचा चेंडू खळगीपासून फूट-सव्वा फुटावर होता. पोरानेही घालावा असा. तिने नाणे ठेवले, चेंडू उचलला, परत ठेवला आणि घातला. ठेवताना तो मूळ जागेपासून इंचभर सरकला. कुणाच्या ध्यानात आले नाही. रविवारी, २ एप्रिलला, शेवटची फेरी चालू असताना घरी दूरचित्रवाणी पाहणाऱ्या एका प्रेक्षकाने पत्र धाडले, विजेच्या तारेवरून जाणारे ते आजकालचे पत्र. पंचांनी आदल्या दिवसाचे चित्रण पाहिले. बारावा होल संपवून ती पुढे निघाली असताना तिला सांगण्यात आले: चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन फटके, आणि काल चुकीच्या पत्रकावर सही केल्याचे आणखी दोन. दोन फटक्यांनी पुढे असलेली मुलगी एका वाक्यासरशी दोन फटक्यांनी मागे गेली. डोळे पुसत ती पुढे खेळली, शेवटच्या होलवर बरोबरी साधली, आणि जादा होलवर दक्षिण कोरियाच्या यू सो-यनकडून हरली.

२ एप्रिल म्हणजे लीथच्या त्या पहिल्या स्पर्धेचीच तारीख, जुन्या पंचांगाची असली तरी. रॅट्रेच्या सोबत्यांनी ज्या खुणेचे कलम लिहिण्याची गरज मानली नाही, तिच्यापायी एका मुलीचे विजेतेपद गेले.

आता लॉक आणि थॉम्सन यांना शेजारी ठेवा. दोघांच्या हातून खुणेचीच चूक झाली. दोघांनाही ती कळली नाही. दोघांचेही चेंडू खळगीजवळ होते, लाभ झाला तर नाममात्र. दोघांवरही फिल्मने साक्ष दिली. एकाचा चषक राहिला, दुसरीचा गेला. कोणी म्हणेल, लॉकने एक पाते सरकवले होते, तो इंच नव्हे, चांगले तीन-चार इंच! म्हणजे ज्याची चूक मोठी तो सुटला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लॉकने सरळ आडवे नाणे सरकवले आणि विसरला. थॉम्सनच्या बाबतीत चेंडू हातानेच वेगळ्या जागी ठेवला गेला, आणि मुद्दाम नसला तरी निष्काळजीपणे. शिवाय लॉकची चूक निकालानंतर कळली, हिची आधी. निकालाआधी कळलेली चूक पंचांनी गिळायची म्हटले तर मागून येणाऱ्या खेळाडूवर अन्याय. हे सगळे मान्य करूनही आमचा कल सांगायचा तर पहिले दोन फटके पदरात घालणे रास्त होते. दुसरे दोन नव्हते. जी चूक झाल्याचेच माहीत नाही ती पत्रकात लिहिली नाही म्हणून शिक्षा करणे, म्हणजे ठेच लागल्याबद्दल एक छडी आणि ती आधी का सांगितली नाही म्हणून दुसरी.

खेळाच्या धुरीणांनाही तसेच वाटले असावे. त्याच महिन्यात, २५ एप्रिलला, दोन्ही संस्थांनी मिळून निर्णय जाहीर केला की जी गोष्ट साध्या डोळ्याला दिसणे शक्य नव्हते ती केवळ चित्रणातून बाहेर आली म्हणून दंड करू नये. आणि जागा ठरवताना खेळाडूने त्या परिस्थितीत जमेल तितकी काळजी घेतली असेल तर पुढे चित्रणाने इंच-अर्धा इंच चूक दाखवली तरी त्याचा निवाडा मान्य करावा. त्या नियमाने थॉम्सन सुटली असती का, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. १ जानेवारी २०१८ पासून घरच्या प्रेक्षकांच्या तक्रारी घेणे थांबले आणि न कळलेल्या दंडाबद्दल पत्रकाची जादा शिक्षा गेली. २०१९ साली संपूर्ण नियमावली नव्याने लिहिली गेली, ३४ नियमांचे २४ झाले. हिरवळीवर चेंडूला किंवा नाण्याला चुकून पाय लागला, हातातून पटर निसटून त्यावर पडला, तर आता दंड नाही. होते तिथे परत ठेवायचे. उचलून परत ठेवलेला चेंडू वाऱ्याने हलला तर तोही पहिल्या जागी आणायचा. म्हणजे नाण्याने एकदा दिलेली साक्ष वाऱ्यालाही खोडता येत नाही. खेळाडूचा काठ्या वाहणारा सोबती, ज्याला कॅडी म्हणतात, तोही आता विचारल्याशिवाय खूण करून चेंडू उचलू शकतो. पूर्वी गवताची काडी किंवा पान ठेवून भागवणारे असत. आता खूण माणसाने बनवलेल्या वस्तूचीच हवी. दोघांनी संगनमत करून एकाचा चेंडू दुसऱ्याला टेकू म्हणून तसाच ठेवला, तर दोघांनाही दोन-दोन फटके. स्टायमीचे हे उलटे रूप पाहून जुने लोक चकित झाले असते. पूर्वी दुसऱ्याचा चेंडू वाट अडवी, आता वाट सावरतो म्हणून गुन्हा!

एक हकीकत राहिली, ती मुद्दामच मागे ठेवली. १९६९ साली इंग्लंडमध्ये रॉयल बर्कडेल येथे ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात रायडर चषकाचे सामने झाले. तीन दिवसांच्या खेळानंतर दोन्ही बाजू बरोबरीत, आणि सारा भार शेवटच्या जोडीच्या शेवटच्या हिरवळीवर आला. एका बाजूला निक्लस, दुसऱ्या बाजूला ब्रिटनचा टोनी जॅकलिन, जो त्याच वर्षी खुली स्पर्धा जिंकून देशाच्या गळ्यातला ताईत झाला होता. निक्लसने चार-एक फुटांवरून आपला चेंडू घातला. जॅकलिनचे नाणे खळगीपासून दोन फुटांवर होते. दोन फूट म्हणजे काही नाही, पण त्या दिवशी, त्या गर्दीसमोर, हात थरथरला असता तर ब्रिटन हरले असते आणि जॅकलिनला ते जन्मभर पुरले असते. दोघांच्या सामन्यात एक सोय आहे: प्रतिस्पर्ध्याचा पुढचा फटका खळगीत गेला असे तुम्ही मानू शकता. निक्लस खळगीतून आपला चेंडू काढून पुढे आला, वाकला, आणि त्याने जॅकलिनचे नाणे उचलून त्याच्या हातात दिले. सामना १६–१६ असा बरोबरीत सुटला. त्या स्पर्धेतली ती पहिली बरोबरी. चषक आधीपासून अमेरिकेकडे होता, तो तिथेच राहिला. तरी अमेरिकेचा कर्णधार सॅम स्नीड रागावला, आणि त्याचे रागावणे आम्ही चूक म्हणणार नाही. जिंकायला गेलेल्या संघाचा तो कर्णधार होता.

नियमाचे एक कलम सांगायचे राहिले. चेंडू जागेवर ठेवल्यानंतर नाणे उचलायलाच हवे. ते तसेच मागे ठेवून फटका मारला तर आता एका फटक्याचा दंड आहे.